काका एल्सनवर जातात

"अगो, तुझा विश्वास बसायचा नाही, पण तुझे काका रोज सकाळी संडासाची टाकी स्वतःच्या हाताने रिकामी करायला जायचे. आणि वर मला सांगायचे, तू राहू दे, मीच जातो."

काकूंनी हे वाक्य गडग्यावरून असं काही टाकलं की माझ्या हातातली चादर अर्धी पिळलेली तशीच राहिली. काका म्हणजे पाण्याचा तांब्या हाताशी असला तरी आत बघून 'पाणी' म्हणणारे. बँकेतून निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाचा डबा मोरीत नेऊन ठेवला, तो शेवटचा. त्यानंतर मोरीने त्यांना पाहिलेलं नाही.

"कुठे? इंग्लंडात?"

"मग काय इथे? इथे ताट उचलायची मारामार."

काकू परत आल्याची बातमी हर्णैत केव्हाच फिरली होती. चॉकलेटं वाटून झाली होती, फोनवरचे फोटो दाखवून झाले होते. पण फोटोत काय, किल्ला, समुद्र, नातू आणि टोपी घातलेले काका. खरी हकीकत गडग्यावरच कळते, तीही काकांचा दुपारचा डोळा लागल्यावर.

तर धाकटी लेक न्यूकॅसलला असते. जून महिन्यात नातवाला चार दिवस मोकळे मिळाले, तेव्हा जावयाने हॉटेलात न जाता मोटरहोम भाड्याने घेतलं. पुढे ड्रायव्हरची बैठक आणि मागे अख्खं घर. ओटा, फ्रिज, पलंग, न्हाणी, संडास, सगळं सात मीटरांत. काकूंनी आत डोकावून पहिला प्रश्न विचारला म्हणे, "हे सगळं ठीक आहे, पण माणसं कुठे ठेवणार?"

"आणि निघायच्या आधी अर्धा तास नुसत्या कड्या लावायच्या. प्रत्येक कपाटाला कडी. फ्रिजला कडी, ड्रॉवरला कडी. मी म्हटलं, एवढी काय चोराची भीती? जावई म्हणाला, आई, वळणावर बशा बाहेर येतात. वळणावर बशा नाही आल्या, माझी लिंबाच्या लोणच्याची बाटली आली. दोन वळणं ती या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली, पण फुटली नाही हो. झाकण मी लावलेलं होतं."

न्यूकॅसलहून उत्तरेला, किनाऱ्याकिनाऱ्याने तास-सव्वा तास गेलं की सीहाउसेस लागतं. नॉर्थंबरलँड परगण्यातलं बंदराचं गाव. उत्तर समुद्र, दगडी धक्का, धक्क्याला लागून चुन्याच्या जुन्या भट्ट्या, थोड्या मच्छीमार बोटी आणि पुष्कळशा पर्यटक नेणाऱ्या. बंदर आलं की काकूंचा आवाज बदलतो. हर्णैची बाई कुठल्याही बंदरात परकी नसते, असं त्यांचं मत आहे.

"धक्क्यावर उभी राहिले आणि म्हटलं, इथे लिलाव कधी होतो? लेक म्हणाली, आई, हळू बोल. का हळू? आपल्याकडे जूनच्या एक तारखेपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारलेल्या. आणि इथे ऐन जूनमध्ये बोटी पाण्यात, तर लिलावाचं विचारायचं नाही? पण लिलाव कसला. धक्क्यावर फिश अँड चिप्सच्या रांगा आणि लोकांच्या हातातून चिप्स पळवणारे समुद्रपक्षी. मेले इतके धीट की तुमच्याकडे बघत बघत नेतात."

"बरं पण काकांचं सांगा ना."

"सांगते. आधी पार्कात तरी शिरू दे."

तिकडे हॉलिडे पार्क म्हणतात ते म्हणजे भलंमोठं हिरवं माळरान. समुद्राकडच्या अंगाला रस्ते आखलेले, प्रत्येक गाडीला नंबर टाकलेली खडीची जागा, शेजारी विजेचा खांब. मागच्या अंगाला कायमच्या उभ्या केलेल्या लांबोडक्या घरांच्या रांगा. त्यांनाही कॅरव्हॅनच म्हणतात, पण ती चालत नाहीत. लॉरीवरून आणून एकदा ठेवली की तिथेच. घर आपलं, जमीन पार्कवाल्याची, दरसालचं भुईभाडं भरायचं. आणि हिवाळ्यात काही आठवडे पार्कच बंद, म्हणजे कोणी तिथे कायमचा मुक्काम ठोकू नये.

"दारातून आत गेलो की ऑफिसात नाव सांगायचं, मग एक बाई नकाशावर पेनाने गोल करून देते. गाडी हळूऽ चालवायची. मुलं, कुत्री, म्हाताऱ्या माणसांचे घोळके. जागा सापडली आणि जावई गाडी मागे घ्यायला लागला. अगो, जिकडे तिकडे दारं उघडली! हातात चहाचे मग घेऊन माणसं बाहेर येऊन उभी. बोलत कोणी नाही. नुसते बघतात. जावई घामाघूम. पुढे मला कळलं की हीच तिथली संध्याकाळची करमणूक. दुसऱ्या दिवशी कोणी नवीन आलं तेव्हा आम्हीसुद्धा चहा घेऊन उभे होतो."

"अय्या, काकू!"

"मग? बसून काय करणार. बरं, गाडी लावली म्हणजे झालं असं नाही. ती सपाट व्हायला हवी. जावई चाकांखाली पिवळे उतार सरकवणार आणि तुझे काका आत बसून पट्टीतला बुडबुडा बघणार. 'पुढे. अजून पुढे. जास्त झालं. मागे.' कारण काय, तर तो फ्रिज गॅसवरही चालणारा असतो. गाडी कलंडलेली असली तर तो गार होत नाही, आणि न्हाणीतलं पाणीही भलत्या कोपऱ्यात साचतं. बुडबुडा मधोमध आला तेव्हा तुझ्या काकांनी मला हाक मारून दाखवला. नातवंड झालं तेव्हाही एवढ्या उत्साहाने हाक मारली नव्हती."

मग विजेचं. निळा तीन दांड्यांचा प्लग, भगव्या रंगाची लांबच लांब केबल. केबल रिळावरून सगळी सोडायची, गुंडाळी तशीच ठेवली तर तापते. खांबावर 16 अँपिअर मिळतात, त्यात घर चालवायचं. जावयाने बजावून सांगितलं होतं, किटली आणि हीटर एकदम लावू नका. काकूंनी ते तंतोतंत पाळलं. त्यांनी किटली आणि इंडक्शनची शेगडी लावली.

"काळोख! म्हणजे आमच्याच घरात. बाकी सगळा पार्क उजळलेला. मी म्हटलं आता काय करायचं, भात अर्धा शिजलेला. तेवढ्यात पलीकडचा म्हातारा आला, खांबावरचा खटका वर केला, मान हलवली आणि गेला. शब्द नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने लेकीला विचारलं, तुमचा तांदूळ नीट शिजला का म्हणून. म्हणजे भात होता हेही त्यांना कळलं होतं!"

"कळणारच. किती जवळ होते?"

"सहा मीटर. दोन गाड्यांत सहा मीटर जागा सोडायची असा तिथे नियम, आगीच्या भीतीने. एकाचं पेटलं तर दुसऱ्याचं पेटू नये. आणि मधे काही नाही बघ. गडगा नाही, वई नाही, तार नाही. नुसतं गवत."

"मग बरंय की. गप्पांना मोकळं."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की इंग्लंडला त्या गेल्या होत्या की मी.

"तिथेच तर गंमत आहे. गडगा नाही, पण त्या गवतावरून कोणी पाऊल टाकत नाही. तुमच्या जागेतून आडवं जायचं नाही, रस्त्याने वळसा घालून जायचं. लहान पोरांनासुद्धा ओरडतात. समोरासमोर खुर्च्या टाकून माणसं बसलेली, एकमेकांच्या ताटातलं दिसतंय, आणि बोलणं म्हणजे 'मॉर्निंग' आणि 'छान ऊन आहे'. ऊन नसतं तेव्हा 'ऊन येईल'. कुत्र्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, मालकाचं कोणाला नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काय जागा आहे, इथे माणसं इतकी जवळ येऊन गप्प राहायला एवढ्या लांब येतात? मग कळलं. बोलतात, पण तिथे नाही बोलत. भांडी घासायच्या जागी बोलतात."

आता चादर मी दोरीवर टाकली आणि गडग्याला टेकले. पार्कात एक लांब शेड असते, तिथे ओळीने बेसिनं आणि गरम पाणी. आणि बेसिनांपाशी पुरुष. प्लॅस्टिकच्या टबात खरकटी भांडी घेऊन टॉवेल खांद्यावर टाकलेले पुरुष, ओळीने. काकूंनी नीट पाहून घेतलं. बायका खुर्चीत पाय पसरून पुस्तक वाचतायत आणि नवरे टब घेऊन निघालेत. घरीही घासतात का हो, असं काकूंनी लेकीला विचारायला लावलं, तर कुणाच्या तरी बायकोने सांगितलं, घरी मशीन आहे, इथे त्यांना यायला आवडतं.

"आवडतं! आणि मग कळलं का आवडतं ते. अगो, तिथे काय काय चाललेलं असतं! कोणाच्या गाडीचं वजन साडेतीन टनांच्या वर गेलं, कोणाची बॅटरी बसली, कोणाच्या छतातून गळतंय. पलीकडच्या कायमच्या घरवाल्याने लाकडी ओटा मापापेक्षा मोठा बांधलाय आणि ऑफिसात कोणी सांगितलं. त्या साडेतीन टनांचं तर पुराणच. 1997च्या आधी ज्यांनी तिकडचं लायसन्स काढलं ते जड गाडी चालवू शकतात, नंतरच्यांना परीक्षा द्यावी लागते. तर म्हाताऱ्यांची शान! तरण्याताठ्यांकडे बघून मिशीत हसतात."

"आणि ती संडासाची टाकी?"

"येतेच आहे तिच्यावर. मोटरहोमातला संडास म्हणजे खाली एक टाकी असते, अठरा-वीस लिटरांची. गाडीला बाहेरून छोटं दार, ते उघडून टाकी बाहेर ओढायची. चाकं असतात, हँडल असतं. ती न्यायची एल्सनवर. म्हणजे पार्कातली ती ओतायची जागा. पहिल्या दिवशी जावयाने नेली. हे बरोबर गेले, नुसते बघायला म्हणून. परत आले ते मला शिकवायला लागले. तोटी फिरवायची, बटण दाबून धरायचं म्हणजे हवा आत जाते आणि उडत नाही. मग दोनदा खळखळून धुवायची. मग निळं औषध. माप चुकवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सहाला उठून टाकी घेऊन हजर! रिकामीच होती जवळजवळ."

"पण का?"

"अगो, रांग असते ना तिथे! पाच-सहा पुरुष आपापल्या टाक्या घेऊन उभे. कोणी बस चालवून रिटायर झालेला, कोणी मास्तर, एक स्कॉटलंडचा होता, त्याचं बोलणं जावयालाही कळेना, पण ह्यांना कळत होतं म्हणे. तासभर येत नसत. येताना बातम्या घेऊन येत. वारा फिरणार आहे, धक्क्यावरच्या वाहनतळाला उंचीची आडवी दांडी आहे तेव्हा गाडी नेऊ नका, पाच नंबरवाल्याची बायको त्याच्याशी कालपासून बोलत नाही."

इथे मला राहवलं नाही. गावातल्या बायका विहिरीवरून एक कळशी आणायला गेल्या की तासभर का येत नाहीत, यावर याच काकांनी एकदा गणपतीत आमच्या ओटीवर भाषण ठोकलं होतं. आता नळ आले, विहिरी ओस पडल्या, आणि काकांना विहीर सापडली ती इंग्लंडात, तीही संडासाची. मला वाटतं माणूस नुसता गप्पा मारायला घराबाहेर पडत नाही, त्याला लाज वाटते. हातात काहीतरी लागतं. माझ्या हातात चादर असते.

काकू मात्र तोवर समुद्रावर पोचल्या होत्या.

सीहाउसेसच्या धक्क्यावरून फार्न बेटांना बोटी जातात. ओहोटीला अठ्ठावीस बेटं मोजता येतात, भरतीला पंधराच उरतात. नॅशनल ट्रस्ट नावाच्या संस्थेकडे ती 1925 सालापासून आहेत. तिथे पफिन नावाचा पक्षी हजारोंनी येतो, चाळीस हजारांवर जोड्या. काळी पाठ, पांढरं पोट, रंगीत चोच. जमिनीत बिळं करून त्यात एकच अंडं घालतो आणि चोचीत बारीक मासे आडवे धरून पिल्लाला आणतो. काकूंना पफिन पसंत पडला. संसारी वाटला.

"पण दुसरा एक मेला असतो, आर्क्टिक टर्न. पांढरा, सडपातळ, बघायला देखणा. वाटेच्या कडेलाच अंडी घालतो आणि वाटेने कोणी आलं की डोक्यात चोच. सगळ्यांना आधीच सांगतात, टोपी घाला. हे म्हणाले, पक्ष्याला घाबरून टोपी? मी ओढणी दोन पदरी घेतली होती. ह्यांच्या टकलावर तीन वेळा! रक्त आलं. तिथल्या मुलीने सांगितलं, इथल्याच एका टर्नला चिमुकलं यंत्र बांधून पाहिलं, तो वर्षात अंटार्क्टिकाला जाऊन परत आला, 96,000 किलोमीटर. मी म्हटलं, एवढा प्रवास करून शेवटी ह्यांच्याच डोक्यावर यायचं होतं? तेव्हापासूनची ती टोपी फोटोत आहे, कळलं?"

कळलं. फोटोतली टोपी मला उगाच ऐटीची वाटली होती.

त्यांतल्याच एका बेटावर कथबर्ट नावाचा संत एकटा राहायचा. तिथेच 687 साली गेला. आयडर बदकांना मारू नका असा त्याने दंडक घातला होता म्हणतात. तिथली माणसं अजून त्या बदकांना त्याच्याच लाडक्या नावाने ओळखतात, कडी डक. काकूंनी हे एका दमात सांगून टाकलं. संत त्यांना ठीक वाटला, पण जीव अडकला तो दुसरीकडे.

"ग्रेस डार्लिंग. अगो, पोर बावीस वर्षांची. बाप लाँगस्टोनच्या दीपगृहावर रखवालदार. 1838चा सप्टेंबर, रात्री तुफान. हलहून डंडीला निघालेली आगबोट, फोरफारशायर, खडकावर आपटून दुभंगली. पहाटे हिला खिडकीतून दिसलं, खडकावर माणसं हलतायत. बापलेक होडी घेऊन निघाले. सरळ नाही, वाऱ्याच्या आडोशाने वळसा घालून, मैलभर. बाप खडकावर उतरला आणि हिने एकटीने त्या लाटांत दोन्ही वल्ही मारत होडी जागेवर धरून ठेवली. नऊ माणसं वाचली. त्यातली एक बाई, तिची दोन्ही पोरं तिच्या मिठीतच गेलेली."

क्षणभर आम्ही दोघी गप्प झालो. हर्णैच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

"आणि मग लोकांनी काय करावं? तिला जगू देऊ नये! चित्रकार तिची चित्रं काढायला बेटावर. लोक पत्रं पाठवून तिच्या केसांच्या बटा मागतात, कपड्याचे तुकडे मागतात, कोणी लग्नाच्या मागण्या घालतो. चार वर्षांत क्षयाने गेली बिचारी, सव्वीसाव्या वर्षी. शेजारी बँबरा गावात तिचं संग्रहालय आहे, तिथे ती होडी ठेवलीय. केवढीशी गो! मी हात लावायला गेले, तर काच."

ते संग्रहालय तिकडच्या जीवरक्षक होड्यांच्या संस्थेचं. ती संस्था 1824 सालापासून लोकवर्गणीवर चालते, आणि होडीवर जाणारी बहुतेक माणसं गावातलीच, बिनपगारी. हाक आली की दुकान टाकून, जेवण टाकून पळतात. काकूंनी पेटीत नोट टाकली. काकांनी नाणं टाकलं होतं, ते काकूंनी पाहिलं म्हणून.

मग एक दिवस धुकं आलं. समुद्रावरून येतं, त्याला तिथे फ्रेट म्हणतात. सकाळी ऊन आणि तासाभरात सहा मीटरांवरचा म्हातारा दिसेनासा. बोटी बंद. जून महिना आणि अंगात दोन स्वेटर. सगळे सात मीटरांत कोंबून मेंढीकोट खेळत बसले, आणि काकूंनी किपर करायला घेतला.

किपर म्हणजे हेरिंग. आपल्या तारलीच्या गोतातला, पण अंगाने मोठा. पाठीतून चिरून उघडायचा, मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि ओकच्या भुश्शाच्या धुरात टांगायचा. सीहाउसेसचं म्हणणं, किपर आमच्याकडेच जन्मला, 1843 साली, कोणीतरी शेगडी धुमसत ठेवून गेला आणि सकाळी मासे धुरावलेले मिळाले. असं सांगणारी आणखीही गावं आहेत. हेरिंगचे दिवस होते तेव्हा स्कॉटलंडच्या पोरी बोटींच्या मागोमाग किनाऱ्याने खाली खाली येत, तिघीतिघींच्या टोळ्या करून. दोघी मासे साफ करणार, तिसरी पिंपात मिठाचे थर लावणार. सुरीने कापू नये आणि मीठ झोंबू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधत. हे काकूंना भांडी घासायच्या शेडमध्ये एका म्हातारीने सांगितलं. तिच्या आजीने केलेलं काम. काकूंनी तिला आपले हात दाखवले, तिने आपले. भाषेची अडचण आली नाही म्हणे.

"तर लेक म्हणाली, आई, आत तळू नकोस, आठवडाभर वास जायचा नाही आणि गाडी भाड्याची आहे. त्या म्हातारीने युक्ती सांगितली. उंच भांड्यात किपर उभा ठेवायचा, वरून उकळतं पाणी, पाच-सात मिनिटं. बस. मी केलं. वास नाही, चव आहे. मीठ घालायला नको. भाताबरोबर खाल्ला, वर कांदा आणि माझं ते लोणचं. धूर जरा नाकात जातो. आपल्याकडे ऊन आहे म्हणून आपण सुकवतो, त्यांच्याकडे ऊन कुठलं, म्हणून धुरावतात. एवढंच."

"काकांनी खाल्ला?"

"काटे कोण काढणार? मी."

आतून खोकल्याचा आवाज आला. काका उठले होते. टॉवेल खांद्यावर, डोक्यावर तीच टोपी, थेट गडग्याशी. त्यांनी काहीही नाकारलं नाही. उलट म्हणाले, "एल्सनचं सांगितलंस का? बटणाचं सांगितलंस? लोक बटण विसरतात."

मग त्यांनी मला कॅरव्हॅनचा इतिहास ऐकवला. हौस म्हणून कॅरव्हॅनमधून भटकणारा पहिला इसम म्हणून इंग्रज ज्याचं नाव घेतात, तो डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स. आरमारातला निवृत्त सर्जन, मुलांसाठी साहसकथा लिहायचा. 1885 साली त्याने ब्रिस्टलमध्ये खास गाडी बांधून घेतली, 'वाँडरर'. वजन दोन टनांच्या घरात, ओढायला घोडे, आत पुस्तकांचं कपाट. बरोबर कुत्रा आणि पोपटाच्या जातीचा एक पक्षी. पुढे तीनचाकी सायकलवरून नोकर, वाट मोकळी करायला. असा तो थेट इनव्हरनेसपर्यंत गेला.

"नोकर होता ना?" काकू म्हणाल्या. "मग टाकी तोच ओतत असणार."

"म्हणूनच," काका म्हणाले, "त्याला निम्मी मजा कळलीच नाही."

ही गप्प करणारी गोष्ट होती. काकूही क्षणभर काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात काकांनी खिशातून टेप काढला आणि त्याचं टोक मला धरायला दिलं. मी धरलं. शेजारधर्म. ते मागे मागे सरकत पोफळींपर्यंत गेले आणि ओरडले, "सहा! बरोब्बर सहा!"

"हे काय चाललंय?" मी काकूंना विचारलं.

काकूंनी डोळ्यांनीच वाडीकडे दाखवलं. आपल्या राज्य सरकारनेही 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, खासगी जागेतही पार्क काढता येतो, पाणी हवं, वीज हवी, रस्ता हवा. हे काकांनी एवढ्यात वाचून काढलंय. वाडीतल्या सहा-सात पोफळी गेल्या तर चार गाड्या बसतात. पलीकडे समुद्र, समोर सुवर्णदुर्ग, सीहाउसेसला तरी याहून काय जास्त आहे? पुण्या-मुंबईची माणसं येतील, सकाळी रांग लागेल, ओळखी होतील.

"रांग कुठे लागेल?" मी विचारलं.

"इथे," काका म्हणाले आणि गडग्याच्या अलीकडच्या कोपऱ्यात काठीने चौकोन काढला. "सोय इथेच बरी. तुमच्या बाजूला उतार आहे, पाणी वाहून जायला."

"काका, तिथे माझी स्वयंपाकघराची खिडकी आहे."

"वासाची काळजी करू नकोस. मी हिशेब केलाय. आपल्याकडे वारा पश्चिमेचा. समुद्राकडून येतो, वास सगळा पूर्वेला जाणार."

"आणि पूर्वेला कोण राहतं?" काकूंनी विचारलं.

काकांनी टेप गुंडाळला, टोपी नीट केली आणि खिडकीकडे पाहिलं. पूर्वेला आम्ही राहतो.